कमरेला बांधलेली बैठक

आगाशीला आमची वाडी आहे. थोडी केळी, परसात भाजी, आणि विहिरीपासून रस्त्यापर्यंत मोगरा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मोगरा खुडत आले, आणि धाकटी जाऊ आल्यापासून आम्ही दोघी मिळून. कळी फुलायच्या आत उतरवावी लागते, म्हणून उजाडता उजाडता आम्ही ओळीत शिरायचो, ती एका अंगाने, मी दुसऱ्या. हात कळ्यांवर आणि तोंड गप्पांत. पुढे भावाभावांची घरं वेगळी झाली, पण मोगरा एकच राहिला.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी बादली उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. बादली रिकामी होती. हे मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

कमरेचे फोटो काढले. हाडं चांगली आहेत, घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या झाल्या, पट्टा झाला. दुखणं जायचं आणि आठवड्याने परत यायचं. घरच्यांनी तेवढ्यात ठरवून टाकलं की हिला वाकू द्यायचं नाही. मी झाडू घेतला की मिस्टर येऊन हातातून काढून घेत. भांडं पडलं तर मुलगी शेजारच्या खोलीतून धावत येई. सगळे प्रेमाने करत होते, म्हणून मला रागावताही येत नव्हतं. पडवीतल्या खुर्चीत उशी ठेवून मला बसवलं जाई, आणि तिथून मला मोगऱ्यात वाकलेली जाऊ दिसत असे. एकटी. ती मधूनच वर बघून हात हलवायची. मीही हलवायची. असं वर्ष गेलं.

मग विरारच्या एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, व्यायाम सांगितले आणि चिठ्ठीवर इंग्रजीत दोन अक्षरं लिहून म्हणाले, "खाली जाऊन यांना भेटा." चिठ्ठी मिस्टरांच्या हातात होती. अक्षरं होती ओ आणि टी. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी ज्या दारावर ही अक्षरं होती, त्या दाराबाहेर मिस्टर दोन तास बसले होते. मला बाकावर बसवून ते बाजूला गेले आणि जावेला फोन लावला. नंतर कळलं, तिला सांगितलं होतं, "आज आम्ही घरी येत नाही बहुतेक. हिला ऑपरेशनला नेतायत. हिला अजून सांगितलेलं नाही."

खाली गेलो तर दाराआड एक ओटा, त्यावर गॅसची शेगडी, कोपऱ्यात झाडू आणि बादली, एक पलंग, एक कपाट. एखादं घरच, फक्त त्यात कोणी राहत नव्हतं. तिशीच्या आतली एक मुलगी हसत पुढे आली. "या काकू. मी इथली ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी. रोजची कामं परत जमतील असं बघते."

मिस्टरांनी आधी विचारलं, "ऑपरेशन कुठे करतात?"

"इथे? इथे आम्ही फार तर पोळ्या करतो," ती म्हणाली.

मिस्टर पलंगावर बसले आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला कळलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडणं थोडं कमी केलं.

ती मुलगी चंदनसारला राहायची. मी तिला मॅडम म्हणायची आणि ती मला काकू. कुठे दुखतं हे तिने विचारलं, पण त्यावर फार रेंगाळली नाही. "दिवसभर काय करता?"

"काही नाही," मी म्हटलं.

"आधी काय करायचात?"

मग मी बोलत सुटले. वाडी, मोगरा, जाऊ, सगळं. ती मधेमधे लिहून घेत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "यातलं सगळ्यात आधी काय परत हवंय?"

गेल्या वर्षभरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मोगरा." ती नको म्हणेल अशी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "झाड किती उंच असतं?" मी गुडघ्याच्या जरा वर हात धरून दाखवला. ती तो हात बघत राहिली. "जन्मभर गजरे माळले, पण झाड कधी बघितलं नाही. मी येऊन बघू का?"

ती यायच्या आधी तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं. दुसरी जास्त अवघड होती. बरं वाटलेल्या दिवशी मी चोरून सगळं घर आवरायची आणि पुढचे तीन दिवस झोपून काढायची. ती म्हणाली, "काकू, कंबर काचेची नाही. दुखलं म्हणजे दर वेळी काही तुटलंच असं नसतं. पण तिला सवय हळूहळू लावायची. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याच्या आधीच थांबायचं. बरा दिवस असो की वाईट, काम तेवढंच." सुरुवात दहा मिनिटांची. त्यासाठी माझ्या मुलीने फोनमध्ये गजर लावून दिला, कोंबड्याच्या बांगेचा. तो वाजला की शेजारचा खरा कोंबडा उत्तर द्यायचा आणि मग दोघांचं बराच वेळ चालायचं.

मिस्टरांनाही तिने एक काम दिलं. "काकूंच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. मदत हवी का, एवढंच विचारायचं." त्यांनी ते मनावर घेतलं. मी कपाट उघडलं तरी ते दारात उभे राहून बँकेतल्या माणसासारखे विचारायचे, "काही मदत हवी आहे का?" मी नाही म्हटलं की हात मागे बांधून तिथेच उभे. त्यांना ते किती जड जात होतं, मला दिसत होतं.

एका शनिवारी मॅडम पहिल्या बसने आगाशीला आल्या. जाऊ खुडत होती. त्यांनी तिला बराच वेळ पाहिलं, मग स्वतः ओळीत शिरल्या आणि कमरेतून वाकून खुडायला लागल्या. दहा मिनिटांत सरळ झाल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. जाऊ आमच्या घरच्या बोलीत मला काहीतरी म्हणाली. मॅडमना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं, "ती विचारतेय, आता तुम्हाला कोणत्या मॅडमकडे पाठवायचं."

मग तिघींनी मिळून डोकं चालवलं. एक गुडघा टेकून बघितलं, पण ओल्या मातीत गुडघा थंड पडायचा. प्लॅस्टिकचं स्टूल आणलं तर त्याचे पाय रुतले, आणि दर झाडाला उठून ते उपटावं लागे. शेवटी मॅडमनी फोनवर एक चित्र दाखवलं. कुठल्या तरी देशात शेतातल्या बायकांच्या कमरेमागे गोल, जाड गादी पट्ट्याने बांधलेली. उठलं की गादी बरोबर उठते, बसलं की खाली हजर.

जाऊ म्हणाली, "हे तर रिक्षाच्या सीटचं काम आहे."

फुलपाड्यात रिक्षांच्या सीटा शिवणारा एक कारागीर आहे. मी आणि मिस्टर त्याच्याकडे गेलो. त्याने विचारलं, "गाडी कोणती?"

"गाडी नाही. माझ्यासाठी आहे."

त्याने चित्र पाहिलं, मला पाहिलं, आणि जरासुद्धा न हसता टेप काढली. बसायची उंची किती हवी ते मला दुकानातल्या फोमच्या तुकड्यांवर बसवून ठरवलं. एक तुकडा काढला, एक वाढवला. "ताई, आता उठा. आता बसा. गुडघ्याला त्रास नाही ना?" त्याच्याइतक्या काळजीने माझं माप कुठल्या शिंप्यानेही घेतलं नसेल. गादी लाल रेक्झिनमध्ये शिवून दिली, पाणी शिरू नये म्हणून टाके आतून मारून.

दुसऱ्या दिवशी ती बैठक कमरेला बांधून मी मोगऱ्यात उतरले. जावेने मागून पाहिलं आणि ती मटकन ओळीतच बसली. हसताना तिच्या तोंडातून आवाजच फुटेना. मग मलाही आवरेना. हसता हसता एकदम लक्षात आलं की आपण इतके हसतोय तर कमरेत चमक येईल. आली नाही. मी खाली टेकले, झाडं डोळ्यांसमोर आली, आणि वर्षभरानंतर मी पहिली कळी खुडली. दहा मिनिटांत ओंजळभर झाल्या. कोंबडा आरवला तेव्हा मी उठले. मिस्टर विहिरीपाशी हात मागे बांधून उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही.

हळूहळू दहाची पंधरा मिनिटं झाली, मग पंचवीस. मोठ्या टोपलीऐवजी दोन छोट्या परड्या घेतल्या. लग्नसराईत मात्र मी घाण केली. कळी भरपूर आली होती, गजर बंद केला आणि दीड तास बसले. पुढचे दोन दिवस अंथरुणात. सगळं मातीत गेलं असं वाटून मी मॅडमना फोन केला, आणि आवाज रडका झाला तो झालाच.

त्या म्हणाल्या, "किती वेळ बसलात?"

"दीड तास."

"म्हणजे दीड तास बसता आलं. आता दोन दिवस घरातल्या घरात चाला आणि परवा परत दहा मिनिटं. काकू, तुम्ही पहिल्या दिवशीच्या जागी नाही आहात." मी तसं केलं. तीन आठवड्यांत परत गाडी रुळावर आली.

त्यानंतरची गोष्ट. एके दिवशी माझी बैठक खुंटीवर नव्हती. शोधत वाडीत गेले तर ती जावेच्या कमरेला. मला पाहून ती चोरी पकडल्यासारखी उभी राहिली.

"गंमत म्हणून बांधली, वहिनी."

मग ती म्हणाली, "माझीपण दुखते. वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खुर्चीत होतात. मीपण बसले असते तर मोगरा कोणी बघितला असता?"

वर्षभर मी पडवीतून तिला पाहत होते आणि ती हात हलवत होती. मी तिच्या दंडाला धरून जवळ ओढलं. पाठीमागे हात न्यायला ती गादी आड आली, म्हणून धड मिठीही मारता आली नाही. त्याच दुपारी आम्ही फुलपाड्याला गेलो. तिने हिरवं रेक्झिन निवडलं. मॅडमकडे आता तिचंही नाव लागलं आहे, आणि शेजारच्या वाडीतल्या दोघीजणी सीटवाल्याचा पत्ता घेऊन गेल्या आहेत.

यंदा विहिरीकडच्या पट्ट्यात नवीन रोपं लावायची होती. आम्ही दोघींनी दोरी धरली आणि दोन ओळींमधलं अंतर हातभर वाढवलं. मिस्टर म्हणाले, "दोन ओळी कमी बसतील."

"बसू देत," जाऊ म्हणाली. "आम्हाला वळायला जागा हवी."

त्यांनी जरा विचार केला आणि खड्डे कुठून सुरू करायचे ते विचारलं. ते कुदळ मारत गेले, जाऊ रोपं ठेवत गेली, आणि मी बसल्या बसल्या माती लोटत त्यांच्या मागून सरकत राहिले. नवीन पट्ट्याला पहिल्या वर्षी फारशी कळी येणार नाही, तरी आम्ही रोज सकाळी तिथे जाऊन पाहतो.