शालनचा चॉकलेटी स्वेटर

तेजूचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलो होतो. "मामा, आई गेली," ती म्हणाली. आणि मी, सख्ख्या भावानं, काय विचारावं? "सकाळची गोळी घेतलेली का तिनं?" पलीकडून फोन बंद झाला. याला आता पाच आठवडे होतील. लोक भेटायला येतात, शालनच्या हाताची चव, तिचं मोठ्यानं हसणं असं काहीबाही बोलतात, आणि मला मात्र बसल्या जागी चैन पडत नाही. उठतो, पाणी पितो, परत बसतो. तिच्या तब्येतीचा प्रश्न माझ्या तोंडून त्या दुपारी निघाला खरा, पण निघायला हवा होता तेवीस वर्षांपूर्वी...

शालन माझी धाकटी बहीण. मुरगूडला आमचं घर, गोठ्यात तीन म्हशी, आणि धारा काढायला लहानपणापासून तीच. कुणाला जवळ येऊ न देणारी आडमुठी म्हैससुद्धा हिचा हात लागला की पान्हा सोडायची. लग्न करून उचगावला गेली. दाजी फाउंड्रीत कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, या आमच्याकडच्या रिवाजानं आठव्या महिन्यात परत आली. वडील नव्हते, त्यामुळं दवाखान्याचं सगळं माझ्याकडं. तेजू झाली ती भर दुपारी, आणि तिच्यामागोमाग रक्त सुरू झालं ते थांबेचना. रक्तपेढी ते दवाखाना अशा माझ्या किती फेऱ्या झाल्या, आज आठवत नाही. एवढंच आठवतं की पिशवी गार पडू नये की गरम होऊ नये, हे विज्ञानाच्या मास्तरला त्या घाईत सुधरेना, म्हणून ती मी पोटाशी धरून पळत होतो.

शालन वाचली. घरी सोडताना डॉक्टर बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. वयस्कर होत्या, शांत बोलायच्या. म्हणाल्या, "तुम्ही मास्तर ना? मग नीट लक्षात ठेवा. रक्त फार गेलंय. अशा वेळी कधीकधी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला इजा होते. क्वचित होतं, पण होतं. बाळाला दूध आलं नाही, नाहीतर पुढं पाळी परत सुरू झाली नाही, थकवा हटेना झाला, तर हिला घेऊन या. कागदावर लिहिलंय, पण कागद हरवतात. तुम्ही सांगा घरात."

मी मान डोलावली. ती ग्रंथी म्हणजे पीयूषिका. दरवर्षी मी ती फळ्यावर काढायचो. वाटाण्याएवढी, पण सगळ्या ग्रंथींची मुकादम, असं सांगून पोरांना हसवायचोसुद्धा. पण तोच मी पुढं जेव्हा प्रजननाच्या धड्यावर यायचो, तेव्हा "हा घरी वाचून या, परीक्षेला फारसं नसतं," म्हणून पान उलटायचो. वर्गात पोरी बसलेल्या असायच्या ना... आणि घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरीन?" तेव्हाही मी पानच उलटलं. म्हणालो, "जपा म्हणाल्या." एवढं मोठं वाक्य, आणि माझ्या तोंडात ते एका शब्दाचं झालं.

दूध आलं नाही. आईनं अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, शतावरी झाली. चुलती येऊन पाळण्याशी बसली आणि म्हणाली, "आगं, म्हशीच्या गोठ्यात वाढलेली पोरगी, आणि तूच आटलीस व्हय?" बायका हसल्या. शालनही हसली. मी उंबऱ्यातच होतो. डॉक्टर बाईंनी सांगितलेल्या खुणांपैकी एक डोळ्यांसमोर उघड झाली होती. दुसरी विचारायची म्हणजे बहिणीला विचारायचं, तुझी पाळी आली का? नाहीतर आईला सांगायचं की तू विचार. मला जमलं नाही. यापेक्षा वेगळं कारण नाही. मी तेवीस वर्षं शोधतोय, पण नाही. तिसऱ्या महिन्यात तिला सासरी पोचवली. पाळणा दिला, बाळंतविडा दिला, साडी दिली, नारळ दिला. तेवढं ते वाक्य द्यायचं राहिलं. कागद माझ्या फाइलीत राहिला.

मग शालन थंड पडत गेली. थंड म्हणजे खरोखरची थंड. एका भाऊबीजेला मी विचारलं, "काय पाहिजे बाईसाहेबांना?" तर म्हणाली, "स्वेटर दे. लई हिव वाजतं." मी कोल्हापुरातून एक चॉकलेटी रंगाचा लोकरी स्वेटर आणून दिला. एप्रिलमध्ये गेलो तर तोच अंगात. मी काय बोललो असेन? "शाले, महाबळेश्वरला निघालीस का काय?" दुसरं मूल होईना. भांडी घासता घासता झोप लागायची. केस विरळ झाले, चेहरा पिठासारखा पांढरा. तिची सासू वाईट नव्हती, पण तोंडाची फटकळ. माझ्यादेखत म्हणाली, "पावणं, तुमची पोरगी काय तव्यावर ठिवली तरी गरम हुईत न्हाय. लई आळशी हाय." मी माहेरचा माणूस, खालमानेनं चहा प्यालो. आळशी... मला वाटतं, हळूहळू मीही तेच मानायला लागलो होतो. ते मानणं सोयीचं होतं.

अकरा वर्षं अशी गेली. तेजू पाचवीत असताना शालनला साधा ताप आला आणि ती बेशुद्धच पडली. कोल्हापूरला नेलं, सलाइन लागल्यावर शुद्धीवर आली. तिथं एक तरुण डॉक्टर होता, डोळे पुस्तकातून नुकतेच वर काढल्यासारखे. त्यानं रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि भलताच प्रश्न विचारला. "बाळाला अंगावर पाजलं होतं?"

"एक थेंब आला न्हाई वो," शालन पडल्या पडल्या म्हणाली.

"आणि पाळी?"

"त्यापासनं बंदच हाय."

"बाळंतपणात रक्त फार गेलेलं?" त्यानं आमच्याकडं वळून विचारलं. दाजी म्हणाले, व्हय, गेलेलं. "मग त्या वेळी कुणीच काही सांगितलं नव्हतं? कागद वगैरे?"

दाजी माझ्याकडं बघत होते. सासू बघत होती. उशीवरून शालन बघत होती.

"न्हाई," मी म्हणालो.

हाच तो शब्द. बाकीचं भित्रेपण होतं, हे खोटं होतं. त्या दूरच्या डॉक्टर बाईंवर मी दोष ढकलला आणि दवाखान्यातून बाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस प्यालो, हेही लक्षात आहे.

ती ग्रंथीच मेलेली निघाली. तिचं काम करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात माझी बहीण परत आली. म्हणजे अक्षरशः. अकरा वर्षांचं बोलणं आत साठून राहिल्यासारखं बोलायला लागली. स्कूटर शिकली. चंद्री नावाची म्हैस घेतली. सासूला म्हणाली, "अत्ती, आता तवा काढा बाहेर, बसून दाखवतो!" आणि सासू पदर तोंडाला लावून हसली. स्वेटर गोठ्यातल्या खुंटीवर गेला, पहाटेच्या धारेपुरता. एकदा मी गेलो होतो, तिनं चहा ठेवला आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "दादा, मी आळशी न्हवतो की रे." तक्रार नव्हती त्यात. नवीनच कळलेली गोष्ट सांगावी तसं. तेव्हा सांगता आलं असतं. चहा उकळेपर्यंतचा वेळ होता. मी म्हणालो, "साखर कमी घाल."

डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर दुप्पट, आणि उलटीत पडली तर ताबडतोब इंजेक्शन. शालननं ते स्वतःच्या अक्षरात एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. बारा वर्षं पाळलं. त्या दिवशी शेजारणींबरोबर वारणानगरला लग्नाला गेली, सकाळपासून उलट्या झाल्या, गोळी टिकली नाही. लग्नाची पर्स वेगळी होती, कार्ड रोजच्या पर्समध्ये राहिलं. "घरी जाऊन घेतो," असं शेजारणींना सांगून गाडीत बसली आणि वाटेतच... तिच्या मरणाला मी जबाबदार नाही, असं सगळे म्हणतील, आणि ते खरंही असेल. मेलेली ग्रंथी वेळेवर नेऊनही जिवंत झाली नसती. पण गोळ्या पहिल्याच वर्षी मिळाल्या असत्या. ती अकरा वर्षं कुणाची होती? माझ्या लाजेपायी ती वर्षं गेली.

दिवसकार्य झाल्यावर चार वाजता मी तो जुना कागद खिशात घालून गोठ्यात गेलो. तेजू तिथं होती. तिला लहानपणापासून ऐकवलं गेलंय की तुझ्या जन्मापायी आई अर्धी झाली, आणि ते तिनं खरं मानलंय, हे मला माहीत होतं. मी कागद दिला. सगळं सांगितलं, "न्हाई"सकट. तिनं कागद दोनदा वाचला.

"आईला ठाऊक होतं?"

"न्हाई."

"मग तिला सांगायचं सोडून मला का सांगतोयस? तुझं हलकं व्हावं म्हणून?"

मी गव्हाणीतली वैरण हातानं सारखी केली. तिनंच पुढं विचारलं, "शाळेत तो धडा शिकवतोस का तू?"

"घरी वाचून या म्हणतो."

"आता मोठ्यानं शिकव. आन् डॉक्टरीन काय बोलली हुती ते पेपरात दे. कुणाच्यातरी घरात आसाच मामा आसंल." कागदाची घडी घालून तिनं स्वतःच्या ब्लाउजमध्ये ठेवली. मला परत दिली नाही.

चंद्री शालन गेल्यापासून कुणालाच धड दूध देत नव्हती. लाथा मारत होती, कास आवळून धरत होती. तेजूनं खुंटीवरचा चॉकलेटी स्वेटर काढला, अंगात घातला. बाह्या लांब होत होत्या, त्या तिनं मागं सारल्या. चंद्रीनं मान वळवून तो हुंगला, बराच वेळ हुंगला. मग कान पाडले.

"बादली धर," तेजू म्हणाली. मी उकिडवा बसून धरली. पहिली धार तळावर वाजली.

"धुतला न्हाई आजून," ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकून म्हणाली. "धुतला की संपलं. वास किती दिवस टिकतो रं मामा? तू सायन्सचा हाईस."

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो. बादली दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.