समोरच्या गल्लीनं

आमच्या ह्यायचं नाव मी घेत नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. त्याच्याबाहेर सगळ्या जन्मात एकदाच घेतलं, भरल्या हॉलात, अन् त्याचा मले आजही पस्तावा नाही.

हे तेली. जुन्या शुक्रवारीत आमचा लाकडी घाणा, मागं बैल अन् पुढं आम्ही. सकाळी तेल्याचं तोंड पाह्यलं की काम बिघडते म्हणतात लोकं. तेल चालते, तेली चालत नाही! यायच्या पुऱ्या त्याच तेलात फुगतात, देवापुढचा दिवाही त्याच तेलानं जळते, तेव्हा नाही काही बिघडत.

गल्लीच्या तोंडाशी दत्तोपंत ठेकेदाराचं घर. एकदा ते सकाळी टेंडर भरायले निघाले अन् समोरून हे आले, खांद्यावर तेलाचा पिपा. दत्तोपंत दारातूनच परत फिरले. चपला काढल्या, पाणी पिले, हे दूर जाईपर्यंत बसले अन् मंग निघाले. बोलले काही नाही. बोलले असते तं मी चार ऐकवल्या असत्या. पण त्या दिवसापासून हे मागच्या बोळानं जाऊ लागले, नालीच्या कडंकडंनं. बावीस वर्षं! मी म्हणे, "काहून जी? सडक का त्याच्या बापाची आहे?" तं हे म्हणत, आपल्या तोंडापायी कोणाचं काम काहून बिघडवायचं. माणूस असा की बैलाले कधी काडी मारली नाही. पण मले वाटे, देवा, ह्या माणसाले थोडासा तरी राग दे.

मिल्काबाई मोठ्या दवाखान्यात नर्स होती, माझं दुसरं बाळंतपण तिच्याच हातचं. जातीनं यहुदी, मूळची अलिबागकडची. नागपुरात त्यायची घरं बोटावर मोजण्याइतकी. त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरात ती घरी आली. म्हणाली, आमचा दिव्यांचा सण आहे, आठ दिवसांचा, रोज एक दिवा वाढवायचा. यंदा आठव्या दिवशी कामठी, भुसावळ, जबलपूरची आमची माणसं येणार आहेत. सदरमधला शाळेचा हॉल घेतला आहे, दिवसभर कीर्तन, प्रदर्शन, जेवण. दिव्यांले तिळाचं तेल पाहिजे, मिसळीचं नको, अन् तुम्ही दोघांनीही यायचं.

हे लागले टाळाटाळ करायले. कोणाच्या शुभ कामात मी कायले, म्हणे. मी सांगतलं, तुम्ही नाही आले तं सगळं तेल नालीत ओतून देईन. आले मंग मुकाट्यानं.

मी नवं लुगडं नेसली, ह्यायनं धुतलेलं धोतर, काळा कोट. रिक्षातून उतरले तं हे मागचं दार शोधून राहिले! बाही धरून समोरून नेलं.

आतमधी गेली अन् मी चाटच पडली. मले वाटलं होतं कोणी परमुलखातली माणसं असतील. बाया आपल्यासारख्याच, साडी, मंगळसूत्र, हातभर बांगड्या. कीर्तनकार गोल टोपी घालून त्यायच्या मोशे पैगंबराची कथा सांगून राहिला होता, चक्क मराठीत, टाळाच्या ठेक्यावर. मंग मलिदा वाटला. आपल्याकडं मलिदा म्हणजे पोळी कुस्करून गूळ, त्यायचा गोड पोह्यांचा, वरून खोबरं. मी दोनदा मागून घेतला, लाजली नाही.

प्रदर्शनात तांब्याची भांडी होती, जुन्या पोथ्या होत्या, अन् मधोमध घाणा! कोकणातून रेल्वेनं आणलेला. पण त्यातली लाट, म्हणजे उखळात फिरते ते लाकूड, कोण्या शहाण्यानं खांबासारखी सरळ उभी ठोकली होती. ह्यायले राहवलं नाही. इकडं तिकडं पाह्यलं, कोट काढून माह्या हातात दिला अन् लाट उपसून बरोब्बर तिरपी बसवली. "तशानं एक दाणा नसता फुटला," म्हणे, अन् हसले. घराबाहेर ह्यायले हसताना मी पहिल्यांदाच पाह्यलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत दत्तोपंत येऊन बसले; शाळेचा हॉल त्यायनंच बांधला होता, म्हणून पाहुणे. झालं! हे जे गेले ते शेवटच्या खांबामागं. मलिद्याची सारी गोडी उतरली माही.

दिवस कलला, दिव्यांची वेळ झाली. मिल्काबाईचे सासरे माइकसमोर आले, म्हातारे, रेल्वेतून रिटायर झालेले. म्हणाले, आमचे आजे-पणजे कोकणात घाणा चालवत. शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक आम्हाला शनवारतेली म्हणत. काही हिणवूनही म्हणत. आम्ही ते नाव टाकलं नाही. सुटाबुटातला माणूस माइकवर सांगून राहिला होता की आम्ही तेली!

मंग ते म्हणाले, "आजचं तेल ज्यांनी गाळलं आणि हा घाणा ज्यांनी नीट केला, त्यांनी पुढं यावं. त्यांचं तोंड पाहिल्याशिवाय मी दिवा लावणार नाही."

ही तोंड न पाहण्याची गोष्ट मिल्काबाईनं म्हाताऱ्याले सांगून ठेवली होती का, मले ठाऊक नाही. मी कधीतरी दवाखान्यात तिच्याजवळ रडली होती, एवढं खरं.

खांबामागून कोणी हललं नाही. म्हातारे काडीपेटी हातात घेऊन उभेच. मी म्हटलं, आता हा माणूस पुढं नाही आला तं जन्मभर नालीच्याच कडंनं चालेल. मी उभी राहिली.

"नत्थूजी तेली," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "माहे मालक, नत्थूजी तेली. त्या खांबामागं उभे आहेत."

आले. हॉलभर चालत आले, दत्तोपंताच्या खुर्चीले घासून. म्हाताऱ्यानं ह्यायचा हात धरला, तोंडाकडं नीट पाह्यलं अन् मंग दिवे लावले. आठही दिवे जेवणं होईपर्यंत जळले.

येताना रिक्षात हे हळूच म्हणाले, "नाव घेतलं वं तू माहं."

"घेतलं. अजून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यायनं पिपा उचलला. बोळाच्या तोंडाशी थांबले. मी दारातून पाहून राहिली होती. मंग वळले अन् समोरच्या गल्लीनं निघाले. दत्तोपंत पायऱ्या उतरतच होते, पाह्यलं अन् जागीच थांबले. हे थांबले नाही. "रामराम, ठेकेदारसाहेब," म्हटलं अन् पुढं गेले.

दत्तोपंत कामाले गेले की परत घरात शिरले, मले सांगता येणार नाही. मी माह्या माणसाकडं पाहून राहिली होती.