चराच्या पल्याड

नांदूरघाटकडच्या एका गावात गुरुपादअप्पांचं किराणा दुकान होतं, आणि दुकानापेक्षा अप्पांचं तोंड जास्त चालायचं. बायको नीलाबाई गेली आणि ते तोंड बंद पडलं. मग अप्पा एकाच ठिकाणी बोलत. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे नीलाबाईला त्यांच्याच शेतात बसवून पुरलं होतं. दर सोमवारी समाधीवर तांब्याभर पाणी घालायचं, बेल ठेवायचा आणि गावातल्या भानगडी रंगवून सांगायच्या. पोरबाळ नव्हतं. एवढं एकच माणूस उरलं होतं त्यांना.

पुढे सरकारच्या नव्या उद्योग धोरणाच्या वाऱ्यावर माळावर दारूचा कारखाना उभा राहिला. त्याचं मळीचं सांडपाणी जमिनीत मुरलं आणि गावची विहीर चहासारखी लाल झाली. अप्पांनी समाधीवर पाणी घालणं सोडलं. असलं पाणी बायकोच्या डोक्यावर ओतायला त्यांचा हात धजेना.

सत्त्याण्णव साली औरंगाबादहून एक तरुण इंजिनिअर आला. म्हणाला, कारखाना आणि विहिरीच्या मधे आडवा खोल चर खणू. त्यात उसाचं चिपाड, लाकडाचा भुसा, शेण भरू. त्यात जिवाणू वाढतील, जमिनीखालून येणारी घाण खातील आणि पुढं पाणी निवळ जाईल. गाव पोट धरून हसलं, पण टिकाव-फावडी घेऊन आलं. चुन्याची रेघ ओढत इंजिनिअर अप्पांच्या शेतात शिरला आणि नेमका समाधीवर येऊन थांबला.

"अप्पा, समाधी हलवावी का?" शेजारच्या सुग्रीवनं चाचरत विचारलं.

"बसल्या माणसाला उठवायचं न्हाई," अप्पा म्हणाले.

मधे जागा सोडली तर घाण तिथूनच निसटणार. चर वरच्या अंगानं, कारखान्याकडून वळवावा तर काळा पाषाण. सुरुंग लावला की भेगा पडून त्यातून घाण झिरपणार, सगळी मेहनत वाया. राहिलं खालचं अंग, विहिरीकडचं. म्हणजे सारं गाव चांगल्या पाण्याच्या बाजूला आणि नीलाबाई तेवढी घाणीत. अप्पांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"तुमी न्हाई म्हनलात तर काम थांबवू," सुग्रीव म्हणाला.

बांधावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिली कुदळ स्वतःच मारली. घरी जाऊन मात्र ते जेवले नाहीत. मन खात होतं, आणि ते जिला सांगायचं तिलाच तर त्यांनी फसवलं होतं.

दीडेक वर्षात विहीर निवळली. गावानं गूळ वाटला. अप्पांनी घागर भरली ती थेट समाधीवर नेऊन ओतली.

"अगं, गोड हाय," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. ओतलेलं पाणी खाली जाऊन त्याच घाणीत मिसळणार, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढं अप्पांनी अंथरूण धरलं. सुग्रीव उशाशी बसला. समजूत घालावी म्हणून म्हणाला, "अप्पा, तुमची जागा विहिरीकडच्या बांधाला ठेवतो. तिथं जमिनीत पानी लई चांगलं हाय."

"चांगल्या पान्याचं मी काय करू?" अप्पा म्हणाले. "ती पल्याड एकलीच हाय. मला तिच्याजवळ बसवा."