चंदनसारला टँकर आयला

सासूबाई आमच्याकडे विरारच्या चंदनसारला राहायला आल्या तेव्हा कपड्यांच्या पिशवीखेरीज एकच गोष्ट त्यांनी हट्टाने आणली, ती म्हणजे त्यांचा रेडिओ. सगळं आयुष्य जूचंद्रला गेलेलं. भाताची शेती, खाडीची मासळी आणि दिवसभर उघडं दार. सासरे गेल्यावर त्या घरात एकट्या उरल्या. इकडे माझी मुलगी लहान आणि माझी शाळा दुपारची. नवरा म्हणाला, "आई, तू ये." त्या आल्या, पण चौथ्या मजल्यावर त्यांचं मन रमेना.

"बाय, ही मानसं दारं लावून घरान करतान तरी काय दिवसभर?" त्या मला विचारायच्या. मी म्हणायचे, "आई, टीव्ही बघतात, झोपतात." त्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

रेडिओ फ्रिजवर ठेवला होता. त्यावर त्या भजनं आणि जुनी भावगीतं ऐकत. एका सकाळी भजनं संपली आणि खरखर सुरू झाली, म्हणून मी काटा फिरवला, तर मुंबईचं एक एफएम स्टेशन लागलं. त्या दिवसांत लग्नाच्या वरातींत, रिक्षांत, सगळीकडे वाजणारं एक हिंदी गाणं चालू होतं. म्हणजे चाल त्याची होती. शब्द मात्र रस्त्यातल्या खड्ड्यांवर होते. नायिकेच्या कमरेऐवजी रिक्षात बसलेल्या माणसाची कंबर, आणि ती कशी लचकते त्याचं वर्णन.

सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "मेल्यांनी चांगल्या गान्याची वाट लावली."

मी काटा फिरवायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. काय बोलतान ते ऐकू."

मग ते रोजचंच झालं. त्या कार्यक्रमात दर सकाळी गाजत असलेल्या एखाद्या गाण्यावर नवे शब्द चढवून लावत. कधी कांद्याचे भाव, कधी रविवारचा मेगाब्लॉक, कधी गणपतीला गावी जायला सुट्टी न देणारा साहेब. श्रोते विषय सुचवत, स्टेशनवाले गाणं रचत आणि त्यांचे गायक ते गात. सासूबाईंना बहुतेक मूळ गाणी माहीत नसत. त्यामुळे गंमत अशी व्हायची की त्यांना कांद्याचं गाणं आधी कळायचं आणि पुढे कधीतरी टीव्हीवर खरं गाणं लागलं की त्या म्हणायच्या, "हे बघ, आपल्या कांद्याची चाल चोरली."

आठवडाभरानंतर वाल सोलता सोलता त्या एकदम हसायला लागल्या. "बाय, आमचे गावान हलदीला आमी हेच करायचो गो!"

हळदीच्या मांडवात ज्या गाण्याचा तेव्हा बोलबाला असे त्याची चाल उचलायची आणि तिच्यात नवऱ्याचा चिक्कू मामा, रुसलेली आत्या, मांडवात आडवा झालेला व्याही असे सगळे भरायचे. ज्याचं नाव गाण्यात येई तो रागावला तर दुसरं कडवं त्याच्यावरच. हे ऐकून मला माझं माहेर आठवलं. भुईगावला आमच्या वाडीला लागून एक ख्रिस्ती घर होतं. त्यांच्याकडे लग्न असलं की बँडवाले सिनेमाची चाल वाजवायचे आणि घरातले म्हातारे तिच्यावर आपल्या बोलीतले शब्द चढवून नाचायचे. कुंपणाच्या अलीकडे उभ्या राहून आम्ही पोरी पोट धरून हसायचो. चाल कुणाचीही असो, माणसं आपली हवीत, एवढाच नियम.

त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या पाण्याचे हाल झाले. एक दिवसाआड टँकर येई. तो आला की जिन्यात आरडाओरड, हंड्यांचा खणखणाट आणि पाइपावरून भांडणं. एका सकाळी सासूबाई हंडा घेऊन खाली गेल्या. त्यांची पाळी आली तेवढ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जौनपूरच्या भाभींनी पाइप ओढून आपल्या पिंपात सोडला. सासूबाई रिकामा हंडा घेऊन जिना चढून आल्या. आता या चिडणार, म्हणून मी चहा टाकला. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि त्या वेळी गाजत असलेल्या एका गाण्याच्या चालीवर गुणगुणू लागल्या:

"टँकर आयला, टँकर आयला, चंदनसारला टँकर आयला,
हंडा घेऊन धावत गेले, पाइप कोनी पलवला?
पानी चढला वरचे माडी, नल सुकला माझे घरी..."

"आई, थांबा, पुन्हा म्हणा," मी म्हटलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मागे कुकरची शिट्टीही आली. ते तसंच स्टेशनच्या नंबरवर पाठवून दिलं. त्यांना वाटलं मी नवऱ्याला ऐकवायला घेतलंय.

दोन-तीन दिवसांत स्टेशनवरून फोन आला. गाणं आवडलं होतं, उद्या सकाळी लावणार होते. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या उठून कपाटातली चांगली साडी शोधू लागल्या. "आई, रेडिओवर साडी दिसत नाही." "मना दिसते ना!"

सकाळी आमच्या स्वयंपाकघरात शेजारणी जमल्या. जौनपूरच्या भाभीही आल्या. गाणं आपल्यावर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. निवेदक म्हणाला, "आता ऐकू या पाण्याचं गाणं," आणि ढोलकीच्या ठेक्यावर एका मुलीचा गोड आवाज सुरू झाला:

"टँकर आला, टँकर आला, अंधेरीला टँकर आला..."

पुढे 'पाणी' आलं, 'नळ' आला, 'पळवला' आलं. सगळं घासूनपुसून स्वच्छ. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर त्यांनी चांगली साडी बदलली आणि विचारलं, "बाय, अंधेरीचा कोन भांडला व्हता माझेशी?"

मला वाईट वाटलं. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागलं असावं. मी स्टेशनला फोन लावला आणि भांडायच्या तयारीनेच बोलायला सुरुवात केली. पलीकडची मुलगी भली होती. म्हणाली, "सॉरी मॅडम, आमचे बरेच श्रोते त्या भागातले, म्हणून बदललं. काकी आहेत का? सरांना बोलायला आवडेल." पाहता पाहता फोन निवेदकाकडे गेला, आणि कार्यक्रम अजून चालू असल्याने बोलणं थेट रेडिओवर जाऊ लागलं. मी स्पीकर लावून फोन सासूबाईंना दिला.

"काकी, गाणं कसं वाटलं?"

सासूबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "गानं बरा झाला. पोरीचा गला चांगला. पन दादा, तुमचे अंधेरीला मी कवा पानी भरायला आलतू?"

तो इतका हसला की फ्रिजवरच्या रेडिओतून आणि फोनमधून ते हसू मागेपुढे ऐकू येऊ लागलं. मी धावत जाऊन रेडिओ बंद केला. "काकी, मग तुम्हीच म्हणून दाखवा. तुमचं, चंदनसारचं."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्या गायल्या. ढोलकी नाही, काही नाही. 'आयला', 'पानी', 'नल', सगळं जागच्या जागी. शेवटी त्याने न विचारता एक नवं कडवं त्यांनी तिथल्या तिथे जोडलं, अंधेरीवाल्यांनी टँकर पळवला असं. मी भिंतीला टेकून उभी होते. आमच्या चंदनसारचं नाव पहिल्यांदाच रेडिओवर जात होतं, तेही आमच्याच ओट्यापासून.

संध्याकाळी जौनपूरच्या भाभींनी दार वाजवलं. कुणीतरी त्यांना अर्थ समजावला होता. मला वाटलं, झालं आता. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "अम्मा, वो पाइपवाली मैं हूँ ना?" सासूबाईंनी सरळ होकाराची मान हलवली. भाभींनी तोंडाला पदर लावला, खूप हसल्या आणि आत येऊन बसल्या. दार उघडंच राहिलं. पुढच्या टँकरला पहिला हंडा सासूबाईंचा भरला, तोही भाभींनीच.

तो कार्यक्रम पुढे बंद पडला. आता त्या वेळेला त्या स्टेशनवर नुसती गाणी लागतात, मधे जाहिराती. सासूबाईंना त्याचं फारसं दुःख झालं नाही, कारण तोवर इमारतीत त्यांना काम मिळालं होतं. कुणाचं बारसं, कुणाची हळद, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, की निरोप यायचा, "अम्मा, एक गाना बना दो." भाभींच्या मुलीच्या लग्नात तर मांडवात दोन्हीकडची माणसं बसली होती, जौनपूरची आणि इथली. सासूबाईंनी त्या वर्षी गाजत असलेलं गाणं घेतलं आणि नवऱ्या मुलाचे काका सांताक्रूझहून विरारला येताना लोकलमध्ये कसे झोपले आणि स्टेशन सोडून थेट पुढे गेले ते त्यात घातलं, आपली बोली आणि मोडकी हिंदी मिसळून. काका मूळचे रागीट. त्यांनी डोळे वटारले. सासूबाईंनी लगेच दुसरं कडवं त्यांच्या डोळ्यांवर केलं, आणि मग काकांना उठून नाचावंच लागलं.