उजवीकडचा स्पीकर

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीत मनिषाचा कान तिखट म्हणून प्रसिद्ध होता. खाडीच्या तोंडाशी होडी आली की नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ती सांगायची, आपली आहे की दुसऱ्या कोणाची. राजापूरची मुलगी, शिकलेली, मच्छीमाराच्या घरात कशी टिकणार असं लग्नात कुजबुजलेल्या बायका पुढे गप्प झाल्या. या कानाच्याच जोरावर तिने घरबसल्या नोकरी मिळवली होती. पुण्याच्या एका कंपनीकडे डॉक्टरांचे रिपोर्ट बोललेल्या स्वरूपात यायचे, ते ऐकून टाइप करायचे. घोगरे, घाईतले, तोंडात घास धरून बोलल्यासारखे आवाज असायचे. मनिषा एकदा ऐकून उतरवायची.

पावसाळा सरता सरता तिला मोठी सर्दी झाली आणि उजव्या कानाला दडा बसला. सर्दी गेली, दडा राहिला. कानात एक बारीक शिट्टीही वाजत राही. सासूबाई असत्या तर कोमट तेल घातलं असतं म्हणून तिने स्वतःच ते घातलं आणि कामाला लागली. फोन ती नेहमी डाव्याच कानाला लावायची, त्यामुळे त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

जाणवलं ते हेडफोनमध्ये. उजव्या बाजूला काही येईना. समुद्राकाठी खाऱ्या हवेत अशा वस्तू टिकत नाहीतच. कंपनीने दुसरा हेडफोन पाठवला, त्याचंही तेच. मग तिने लॅपटॉपलाच दोष दिला. हेडफोनची पिन जिथे घालतात तिथे आत गंज धरला असणार.

याच सुमारास तिच्या कामात चुका निघायला लागल्या. तिच्या टीमची प्रमुख ईशा, मनिषापेक्षा वयाने लहान पण मोजून बोलणारी. तिचा फोन आला.

"मनिषाताई, शब्दांचे शेवट सुटतायत. मागच्या आठवड्यात एका औषधाचं प्रमाण चुकीचं गेलं. वर तपासताना सापडलं म्हणून बरं."

"हेडफोन नीट नाही गं. एक बाजू येतच नाही. मी स्पीकर जोडून घेते."

मनिषाचा नवरा भावेश त्या दिवशी घरीच होता. वारं सुटल्यामुळे बोटी बंदरात होत्या. त्याने रत्नागिरीतून लहान स्पीकरची जोडी आणली. लॅपटॉपचं भोक गंजलंय असं धरून मनिषाने आवाज दुसऱ्या वाटेने न्यायचं ठरवलं. कंपनीने कामासाठी मोठा मॉनिटर दिला होता, आणि एक डॉक, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र करणारा चपटा डबा. लॅपटॉपची एकच वायर डॉकमध्ये जायची, डॉकमधून दुसरी मॉनिटरला. त्याच वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो हे तिने शोधून काढलं. मॉनिटरच्या पाठीमागे आवाजासाठी भोक होतं. भावेशने मोबाइलच्या उजेडात ते शोधलं आणि स्पीकरची पिन आत दाबली. पहिल्यांदा काहीच वाजलं नाही. मनिषाने सेटिंगमध्ये जाऊन आवाज मॉनिटरकडे वळवला, तेव्हा एका डॉक्टरचा खोकला खोलीभर घुमला.

"आला की गो," भावेश म्हणाला.

मनिषा दोन स्पीकरच्या मधोमध बसली होती. आवाज सगळा डावीकडून येत होता.

"उजवा बंद आहे, अहो. नवीन आणून पण."

"बंद कसा? वाजतोय."

तिने दोन्ही स्पीकरच्या जागा बदलल्या. आवाज डावीकडूनच. मॉनिटरमधली पिन काढून पुन्हा घातली, डॉकची वायर बदलली. डावीकडूनच. भावेशने तिचा हात धरून उजव्या स्पीकरच्या जाळीवर टेकवला. जाळी बोटांखाली थरथरत होती.

मनिषा उठली. खुर्ची उलटी फिरवली आणि मॉनिटरकडे पाठ करून बसली. आता आवाज भिंतीच्या बाजूने येत होता. मघाशी तिने बंद ठरवलेली उजवी बाजू तीच होती. तिने डाव्या कानात बोट घातलं. डॉक्टर गेला, भावेशचं बोलणं गेलं, बाहेरची गाज गेली. ती शिट्टी तेवढी राहिली.

"काय झालं?" बोट काढल्यावर तिला ऐकू आलं.

"स्पीकर चांगले आहेत," ती म्हणाली.

रत्नागिरीच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला एका बंद खोलीत बसवून तपासलं. कधीपासून होतंय, हे त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं. "असा कान अचानक जातो कधीकधी. पहिल्या काही दिवसांत आल्या असतात तर औषधाने प्रयत्न करता आला असता. आता..." आत कुठे गाठ तर नाही ना हे बघायला त्यांनी कोल्हापूरला तपासणीसाठी पाठवलं. परतताना पालीला भावेशने चहासाठी गाडी थांबवली. गाठबिठ काही नव्हती. नस मेली होती, एवढंच.

"तुला हेडफोनच बिघडलाय असं का वाटलं गो?" त्याने विचारलं. रागाने नव्हे, पण विचारलं.

मनिषा चहा फुंकत राहिली. तो तिच्या उजवीकडे बसला होता. तिला ऐकू आलं नसेल असं समजून त्याने पुन्हा विचारलं नाही. तिला ऐकू आलं होतं.

ईशाला तिने स्वतःच सगळं सांगितलं. ईशा म्हणाली की वर बोलून बघते. बोललीही असावी. पण रिपोर्ट माणसांच्या औषधपाण्याचे होते आणि त्या शिट्टीखाली शब्द बुडत होते, हे मनिषालाही कळत होतं. महिन्याअखेरीस कुरियरवाला लॅपटॉप, डॉक आणि मॉनिटर घेऊन गेला.

त्या संध्याकाळी तिचे सासरे गुणाजी तिच्याजवळ येऊन बसले. जन्मभर बोटीच्या इंजिनाशेजारी उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेलेले. घरात त्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलत, आणि चिडूनही. मनिषाही.

"माझा कान गेला ना," गुणाजी म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, इंजिन बंद पडलं. खाली वाकून बघतोय, तर पट्टा फिरतोय. पोरं हसली."

मनिषा हसली नाही. "मग काय केलंत, बाबा?" तिने विचारलं, सवयीने मोठ्याने, पण चिडून नाही.

"काय करणार. बोट चालवली."

दिवाळीनंतर ती भावेशबरोबर मिरकरवाड्याच्या जेट्टीवर मासळीच्या लिलावाला जायला लागली. हिशोबाला चांगली होती, माणसांना भीत नव्हती. पण लिलावात बोली चारी बाजूंनी येते. कोणी काय म्हटलं ते तिला ऐकू यायचं, कुठून म्हटलं ते कळायचं नाही. एकदा सुरमईची टोपली तिने भलत्याच माणसाकडे सरकवली आणि खरा बोली लावणारा सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला. ती आवाजाकडे वळली, तर तिथे कोणीच नव्हतं. तो दुसऱ्या बाजूला उभा होता. बघणाऱ्यांना ती तोंड फिरवून निघाली असंच वाटलं.

ती पुन्हा जेट्टीवर गेली नाही. हल्ली ती घरामागच्या वाळूत जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालते. कावळे उजवीकडून येतात तेव्हा पंखांची फडफड तिला कळत नाही, म्हणून ती कुंपणाला पाठ लावून बसते आणि हातात काठी घेऊन एकसारखी दोन्हीकडे बघत राहते.