माझं शेवटी

बसगोंडाअण्णा पहिल्यांदा माझ्या शेतात आले ते न सांगता, आणि आल्या आल्या त्यांनी माझी माती खाल्ली. म्हणजे चिमूटभर उचलून जिभेच्या शेंड्यावर ठेवली, डोळे मिटले आणि बांधापलीकडे थुंकले. मी तेव्हा कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावात हायस्कुलात भूगोल शिकवत होतो आणि रविवारपुरता शेतकरी होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्या रानातली भाजी कराय घेतली की घरात सांगा, मीठ घालाय नगो."

मला राग आला. सहा फूट उंची, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि फारशी ओळख नसताना माझ्या जमिनीची थट्टा. पण बोलणार काय? माझ्या वडिलांनी ज्या दोन एकरांत ऊस काढला, तिथं मला धड लव्हाळाही येत नव्हता. उन्हाळ्यात सगळं रान पांढरं पडायचं, लांबून बघणाऱ्याला चुना सांडल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे नदीला पाणी रग्गड. उसाला पाट सोडायचा आणि घरी जाऊन झोपायचं, ही आमची शेती. ते पाणी काळ्या मातीत मुरून तुंबलं आणि खालचं मीठ वर घेऊन आलं. हे सगळं मला त्या दिवशी अण्णांनी बांधावर बसून सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "पाणी द्याय अक्कल लागत न्हाय मास्तर, काढाय लागती. तुमच्या भूगोलात हाय का न्हाय ह्ये?"

भूगोलात नव्हतं. पण माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून त्यांनी मला जमीन सुधारणा मंडळाचा चिटणीस करून टाकलं. मंडळ तोवर त्यांच्या डोक्यातच होतं. मग ते उंबरे झिजवू लागले. एकाच्या रानाचा निचरा करून उपयोग नसतो, शेजारच्याचं पाणी परत त्याच्याच रानात येतं. सगळ्यांनी मिळून जमिनीखालून पाइप घालायचे आणि पाणी ओढ्याला काढायचं, तर अठ्ठावीस खातेदारांनी हो म्हणायला हवं होतं. त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नव्हते. अण्णा प्रत्येकाच्या घरी गेले, प्रत्येकाची माती चाखली, प्रत्येकाचं ऐकून घेतलं. एका घरी तर चार वेळा चहा घेतला आणि चारही वेळा नकार घेऊन आले. पाचव्यांदा गेले तेव्हा त्या माणसानं चहाच्या आधीच सही केली.

सभा महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठला, बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर. सोमवारी आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. बैल आता मोजून चार उरलेत गावात, पण अण्णा म्हणायचे, "बैलाला सुट्टी हाय तर माणसाला सबब न्हाय." नियम त्यांनीच केले. पंधरा माणसं हजर असतील तरच ठराव. प्रत्येक रानाचा वेगळा ठराव, आणि ठराव असेल तरच काम. सही सभेतच करायची.

कामाला सुरुवात कुठून, यावर मात्र मंडळ फुटायची वेळ आली. निचऱ्याचं काम खालून वर न्यावं लागतं. आधी ओढ्याला तोंड काढायचं, मग एकेक रान चढत जायचं. आणि ओढ्याला लागून असलेलं, सगळ्यात खालचं रान होतं खुद्द अण्णांचं. शिरपती तात्या वरच्या अंगाच्या रानाचे धनी, जिभेला धार असलेले. ते भर सभेत उठले. "व्हय की, अध्यक्षाच्या रानातनंच सुरुवात! आदी आपल्या ताटात वाढून घ्या, मग आमाला वाढा."

अण्णांनी वही माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "माझ्या रानातनं बंद पाइप न्या. भोकाचा नगो. तुमचं पाणी खालनं जाऊ दे. माझं शेवटी."

याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. रानातलं पाणी पाइपात येतं ते पाइपाला बारीक भोकं असतात म्हणून. बंद पाइप घातला, की सगळ्या गावाचं पाणी अण्णांच्या रानाखालून वाहत जाणार आणि त्यांचं रान मात्र होतं तसंच खारट राहणार. मी ठराव लिहिला: अध्यक्षांच्या शेतातील काम सर्वात शेवटी करावे. तात्यांनी पहिली सही ठोकली. मी चिटणीस म्हणून खाली सही केली. माझं अक्षर त्या दिवशीही सुरेखच आलं होतं, याची मला आता लाज वाटते.

अण्णांच्या त्या रानाच्या कोपऱ्यात एक छोटा कट्टा आहे. गंगव्वांची, त्यांच्या पत्नीची, समाधी. लिंगायतांत माणसाला पुरतात, रान असेल तर त्याच्याच रानात. गंगव्वा गेल्या तेव्हा ते रान अजून कोरडं होतं. नंतर महापूर आले, वरची सगळी रानं अण्णांच्या रानात पाझरली, आणि कट्ट्याभोवती पाणी राहू लागलं. सभा संपली की अण्णा चपला हातात घेऊन त्या चिखलातून जायचे आणि बेलाचं पान ठेवून यायचे. एकदा मी सोबत होतो. कट्ट्याच्या उजव्या बाजूला त्यांनी चार दगड मांडले होते.

"ही माझी जागा," ते म्हणाले. "हिच्याशेजारी. उसाचं मला काय बी पडलं न्हाय मास्तर. पोरगं बेळगावला नोकरीत, त्येला रान नगोच हाय. पर हितलं पाणी उतराय पायजे. पाण्यात कसं ठिवशीला मला?"

मी म्हणालो, "अण्णा, होईल की. आता कितीसं राहिलंय?"

खरंच फारसं राहिलं नव्हतं. तीन हंगामांत सत्तावीस रानं झाली. पाइप घालायला दस्तगीरभाई होते, खोदाईच्या मशीनवर बसून पाइपाचा उतार नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस. तात्यांच्या रानात हरभरा आला, माझ्या रानात गहू आला, मग दोघांच्याही रानात ऊस. मी पहिल्या गव्हाची पिशवी घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी गहू पाहिलाच नाही. माझ्या चपलेला लागलेली माती नखानं काढून जिभेवर ठेवली, थुंकले, आणि पाठीत एक धपका घातला. "गोडी झाली!"

आणि मग, अण्णांच्या रानाचा ठराव तेवढा राहिलेला असताना, लोक यायचे थांबले. कुणी वाईट नव्हतं. कुणाची ऊसतोड आली होती, कुणाचं लग्नकार्य होतं, कुणाला वाटायचं बाकीचे चौदा जातीलच. आधी अकरा आले, मग सहा, मग मी आणि अण्णा. ते नऊ वाजेपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचे आणि मग मला सांगायचे, "लिवा. सभा तहकूब."

मी वैतागायचो. "अण्णा, वही द्या, घरोघर फिरून सह्या आणतो. एका दुपारचं काम."

"घरात बसून सही करतोय त्यो सही करत न्हाय, पावण्याला वाटंला लावतोय. सभेत या म्हणावं."

"मग तुम्हीच घाला पाइप. दस्तगीरभाई फुकट घालतील."

"ठरावाबिगर? आनि त्या तात्याला काय तोंड दावू?"

माणूस भला होता, पण त्या भलेपणाला एक आडमुठी गाठ होती आणि ती माझ्यानं सुटली नाही. खरं सांगायचं तर मी फार प्रयत्नही केला नाही. एक सोमवार मुलीकडे पुण्याला गेलो म्हणून चुकला. पुढचा ऊस तोडायला टोळी आली म्हणून. त्यानंतरचे सगळे, मागचे दोन चुकले होते म्हणून. देवळाचा रस्ता टाळून मी मागच्या गल्लीनं शेतात जाऊ लागलो. एकदा लांबून दिसले. कट्ट्यावर एकटेच, मांडीवर वही.

गेल्या भाद्रपदात अण्णा गेले. सकाळी दूध घालायला आलेल्या बाईनं हाक मारली तर ओ आली नाही. दुपारपर्यंत मुलगा बेळगावहून आला, आणि सगळं गाव लोटलं. इतकी माणसं त्यांच्या दारात मी कधी पाहिली नव्हती. दस्तगीरभाई फावडं घेऊन आधीच रानात गेले होते. म्हणाले, अण्णांसाठी मशीन नको, हातानं खणतो. चार दगडांच्या आत त्यांनी खणायला घेतलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ते खड्ड्यात उभे होते आणि वर बघत होते.

"मास्तर, पानी लागलं."

कमरेइतकंही खणून झालं नव्हतं. बादल्यांनी उपसलं, ते परत भरलं. बाजूनं पाझरत, सावकाश येत राहिलं. चार हात खाली, बंद पाइपातून, आमच्या सत्तावीस रानांचं पाणी ओढ्याला चाललं होतं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

तात्या एकदम म्हणाले, "वही कुठं हाय? आना वही!" कुणीतरी अण्णांच्या घरून आणली. मी उघडली. माझं सुरेख अक्षर संपलं होतं तिथून पुढं अण्णांचं वेडंवाकडं अक्षर सुरू होतं, मधूनच एखादं अक्षर कानडी वळणाचं. हजर एक. सभा तहकूब. खाली सही. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. मी पानं उलटायची थांबवली आणि कोऱ्या पानावर ठराव लिहिला. तात्या आधी सही करून रडायला लागले. सत्तावीसही सह्या झाल्या.

दस्तगीरभाई खड्ड्याच्या काठावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "आता सह्या करून काय उपेग, तात्या? पानी उतराय दोन वर्सं लागत्यात."

समाजाची दफनभूमी नदीकडे, तीही पावसानं भरलेली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. "माझ्या रानात चला," मी म्हणालो. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं, आणि हेही त्यांनीच दिलेलं होतं.

माझ्या रानात पुरुषभर खोल खणलं तरी ओल नव्हती. मठाच्या स्वामींनी मंत्र म्हटले, रीतीप्रमाणे अण्णांना आत मांडी घालून बसवलं, विभूती आणि बेल वाहिला. इथून गंगव्वांचा कट्टा दिसतो, पण मध्ये पाच रानं आहेत. माती द्यायची माझी पाळी आली तेव्हा मी मूठ भरून घेतली, आणि टाकण्याआधी त्यातली चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट नव्हती. अण्णा नेहमी थुंकून मगच निकाल सांगायचे. मला काही केल्या थुंकता येईना.