शरणप्पाचं वळण

फाट्यापासून आमच्या गावाकडे येणारा रस्ता सरळ येतो आणि गाव दिसायला लागलं की उगाच डावीकडे वळतो. नवखा ड्रायव्हर तिथं हमखास शिवी देतो. त्या जागेला शरणप्पाचं वळण म्हणतात. शरणप्पा माझा मामा. बरीच वर्षं सरपंच होता. त्याच्या नावाची गावात एवढी एकच गोष्ट उरली, आणि तीही शिव्या खाते. मला याचा राग येतो. मामाला कधी आला नाही, याचा तर जास्तच येतो.

मामा सरपंच झाला त्याचं कारण, तो कुणालाच फारसा नकोसा नव्हता. गावात एका बाजूला आमची लिंगायतांची भावकी, दुसऱ्या बाजूला सटवाजी आणि त्याची माणसं, आणि दोन्हीकडची तोंडं एकमेकांकडे बघत नव्हती. मामाचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही एवढाच त्याचा गुण, आणि तेवढ्यावर तो निवडून आला. त्याच साली बहात्तरचा दुष्काळ पडला. लोक म्हणाले, पायगुण.

दुष्काळी काम म्हणून गाव ते फाटा रस्ता मंजूर झाला. ओव्हरसियरनं चुन्याची फक्की टाकत रेघ मारली ती सरळ आमच्या स्मशानभूमीतून गेली, आणि तीही नेमकी माझ्या आजीवरून. आजी, म्हणजे बसम्मा, आदल्याच साली गेली होती. आमच्यात माणसाला पुरताना बसवतात. पाय दुमडून, तळहातावर लिंग देऊन, वर विभूती आणि बेल. म्हणून आमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दलही 'आई तिथं बसलीय' असंच बोलतात.

भावकी म्हणाली, रस्ता वळवा. वळवला तर तो विठाबाईच्या रानातून जात होता. विठाबाई सटवाजीची भावजय, नवरा नुकताच गेलेला, कडेवर शिवकन्या नावाची पोर, आणि पोट भरायला तेवढं एकच रान. कामावरच्या मजुरांनाही वळणच हवं होतं, कारण रस्ता लांबला की काम लांबतं आणि काम लांबलं की चूल पेटते. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सटवाजीचाही वळणाला पाठिंबा होता. रान भावजयीचं जाणार होतं ना, त्याचं नव्हे. जन्मात पहिल्यांदा दोन्ही पार्ट्यांचं एकमत झालं होतं आणि ते मोडायची अक्कल फक्त माझ्या मामाला सुचली.

विठाबाई काही सांगायला आली नव्हती. ती सटवाजीच्या बाजूची, तिचं मतही मामाला पडलेलं नव्हतं. मामानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आईला पुरताना समद्यांनी एकेक मूठ माती दिली. आता पाटीनं देऊ. खोदायचं न्हाई, नुसतं भरायचं हाय."

मुरमाची पहिली पाटी त्यानं स्वतः टाकली. टाकताना काय वाटलं हे मी त्याला पुढं एकदा विचारलं, तर म्हणाला, पाटी जड होती. भावकीनं त्याच्या दुकानात येणं सोडलं. नीलम्मामामी ताट वाढायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. विठाबाईनं आभार मानले नाहीतच, उलट रस्ता झाल्यावर धुरळ्यानं माझी ज्वारी मारली म्हणून ग्रामपंचायतीत दोनदा भांडून गेली.

पुढं त्या रस्त्यावरून उदगीर-नांदेड गाडीची एक फेरी गावात यायला लागली. मामा बाजाराला जाता-येता त्या जागेवर गाडी आली की जागेवरून उठून उभा राहायचा. आई खाली बसलेली असताना आपण वर बसून जाणं त्याला जमेना. कंडक्टरला वाटायचं, उतरायचं असेल. तो घंटी मारायचा, गाडी थांबायची, मामा म्हणायचा, न्हाई, चालू द्या. नवीन कंडक्टर आला की पुन्हा तेच. कंडक्टर चिडायचे, गाडीतली माणसं हसायची, आणि शेजारच्या रानात खुरपत बसलेली विठाबाई मान वर करून बघायची. असं किती वर्षं चाललं याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. कलेक्टर कचेरीत काम निघालं की भाकरी बांधून निघायचं आणि मुक्कामाची तयारी ठेवायची. आता मात्र गावात वाद पेटला. शिवेपलीकडं नांदेड जिल्हा, सोयरिकी तिकडं, बाजार तिकडं, म्हणून अर्ध्या गावाला नांदेडात जायचं होतं. मामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, जिल्हा कुठलाही द्या, डांबर द्या.

लातूरकरांनी डांबर दिलं, चार-पाच वर्षांनी का होईना. नवा इंजिनियर आला, जुना रस्ता बघितला आणि म्हणाला, दुष्काळातला भराव कच्चा आहे, सगळा उकरून खालून पक्कं करावं लागेल. मामानं मान हलवली. घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. माती घालणं निराळं आणि आईला उकरून काढणं निराळं. पण सरपंच म्हणून डांबर त्यानंच मागितलं होतं, आणि गावचा रस्ता आपल्या आईसाठी अडवायचा नाही हे तो पूर्वीच बोलून बसला होता. मामीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी त्यांच्याकडेच राहून दुकान सांभाळत होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

खुट्या ठोकायच्या दिवशी विठाबाई आली. ठोकलेली खुटी तिनं उपटली, आपल्या रानात नेली आणि दगडानं ठोकली. इंजिनियर ओरडायला लागला तर त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. मामाला म्हणाली, "अप्पा, मी दर बाजाराला बघत आले. गाडीत उभं ऱ्हाता ते. म्हातारीला उठवू नका. रान सरकंल माझं."

मामा नको म्हणाला. ती ऐकेना. कागदावर अंगठा देऊन ती सरळ खुरपायला निघून गेली. मामा तिथंच मुरमावर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मी त्याला रडताना पाहिलं ते तेवढंच.

रस्ता झाला, आणि निवडणूक लागली. सटवाजी उभा राहिला. ज्यानं बहात्तरला भावजयीच्या रानातून रस्ता काढायला मान डोलावली होती, तो आता पारावर उभा राहून तिच्या नावानं गळा काढायला लागला. सरपंचानं विधवेचं रान खाल्लं, तिचा अंगठा दाबून घेतला, का, तर स्वतःच्या आईची समाधी वाचवायला! भावकीही खाली मान घालून ऐकत होती. रस्ता डोळ्यांसमोर होता, वळण डोळ्यांसमोर होतं. खोटं कसं म्हणणार?

विठाबाई अंधार पडल्यावर मागच्या दारानं आली. म्हणाली, उद्याच्या सभेत उभी राहते आणि रान मी आपखुशीनं दिलं म्हणून सांगते. मामानं तिला एकच विचारलं, शिवकन्येच्या लग्नाचं कुठवर आलं. सोयरीक सटवाजीनं जमवली होती, लग्न निवडणुकीनंतर होतं, आणि सटवाजीचं डोकं फिरलं असतं तर ते मोडायला त्याला एक निरोप पुरला असता.

"पोरीचं होऊ द्या आधी, अक्का," मामा म्हणाला. "सरपंच काय, कुणीबी होतंय."

सभेत मामानं दोनच वाक्यं सांगितली. वळण माझ्या आईसाठी घेतलं हे खरं हाय. रान विठाबाईचं गेलं हेबी खरं हाय. आणि खाली बसला. मी मागं उभा राहून दात-ओठ खात होतो. मामा आपल्या स्वतःच्या वॉर्डात पडला.

लग्नाला आम्ही गेलो. सटवाजी नवा सरपंच, मोठ्या मनानं स्वतः पंगतीत फिरत होता. मामाच्या पानात त्यानं बुंदी वाढली, मामानं आणखी मागून घेतली. मी पान तसंच ठेवून उठलो.

शिवकन्या नांदायला गेली आणि तिला पोरगा झाला, मग एके दिवशी विठाबाई पारावर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. खुटी आपण उपटली हेही सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, शरणप्पानं पढवून पाठवलंय, पुढच्या निवडणुकीची तयारी.

मी तणतणत घरी आलो आणि मामाला हे सांगितलं. तो दुकानात डाळ निवडत होता.

"पोरगी सुखात हाय का, ते बोलली का कायी?" त्यानं विचारलं.